पहिलं दूध

हैदराबादेत सुभद्रम्मांनी अकरा घरं बदलली आणि अकराही भाड्याची. त्यांचे यजमान सोमयाजुलू यांची वीज खात्यातली नोकरी या उपनगरातून त्या उपनगरात फिरत राहिली आणि त्यांच्यामागून पातेली, पोथ्या आणि सुभद्रम्माही फिरल्या. प्रत्येक घरात शिरताना त्या शेगडीवर दूध ठेवत, ते पूर्वेकडे उतू गेलं की मगच सामान आत येई. पण ते पहिलं दूध कधीच नसायचं. त्यांच्याआधी तिथे मालकांचं, मग चार भाडेकरूंचं दूध सांडून गेलेलं असायचं.

बारावं घर मात्र कोरं होतं. अठराव्या मजल्यावर, नळांवरचं प्लास्टिकही न निघालेलं. ओट्यावर हात फिरवून सुभद्रम्मा नवऱ्याला म्हणाल्या, "इथे अजून चहासुद्धा झाला नाही हो." भाडं ऐकून चक्कर येईल असं होतं, तरी त्यांनी घासाघीस केली नाही. सोमयाजुलूंना याचीच भीती वाटली.

लहरी नावाची मालकीण अमेरिकेत, डल्लासला असे. नोकरी करणारी, गोड बोलणारी मुलगी. तिने फोनवर एकच अट घातली. "आंटी, राहायला या, स्वयंपाक करा, काही करा. फक्त दूध उतू घालवू नका. आई म्हणते, घरातलं पहिलं दूध आमचंच हवं. आम्ही संक्रांतीला येतोच आहोत."

"म्हणजे लग्न राहू दे, संसार सुरू करा," फोन ठेवून सुभद्रम्मा म्हणाल्या.

परवापासून मूढम लागणार होतं. शुक्राचा अस्त झाला की पुढचे दोन-अडीच महिने शुभकार्य नाही आणि दूध सांडल्याशिवाय सुभद्रम्मा त्या घरात पाठ टेकणार नाहीत, हे सोमयाजुलू चाळीस वर्षांच्या अनुभवाने जाणून होते. त्यांनी सरकारी तोडगा काढला: दूध लहरीच्या नावाने, तिच्या देखत, फोनवर. सुभद्रम्मांचे फक्त हात.

"हात माझे, नाव तिचं," त्या म्हणाल्या. "जन्मभर हेच केलं, अजून एकदा करू." त्या हसल्या नाहीत. नवऱ्याला ते लागलं, पण मुहूर्त सहा वाजून बारा मिनिटांचा होता.

सकाळी फोन ओट्यामागच्या भिंतीला टेकवून ठेवला. पलीकडे डल्लासची संध्याकाळ होती. लहरी नवी साडी नेसून, केसांत क्लिप लावून बसली होती. सुभद्रम्मांनी पातेल्याला हळद-कुंकू लावलं आणि सहज विचारलं, "तिथल्या घरात शिरताना दूध कुठल्या बाजूला गेलं गं?"

"इथे कुठलं, आंटी. हे भाड्याचं आहे."

"किती वर्षं झाली?"

"सहा."

सुभद्रम्मा थांबल्या. "सहा वर्षं दुधाशिवाय राहतेस? आणि जिथे एक रात्र झोपली नाहीस, तिथे मला मनाई करतेस होय?"

सोमयाजुलूंनी घाबरून फोनकडे पाहिलं. लहरीने पदर खोचला. मग उठली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, पातेलं वाजलं.

"शेगडी खराब होईल, आंटी. मालकीण ओरडेल."

"ओरडू दे. मालकिणी ओरडतातच."

लहरी हसली. तिचे डोळे भरून आलेले अलीकडूनही दिसत होते. सोमयाजुलूंनी संकल्पाला तिचं गोत्र घ्यायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "अंकल, तिथे आंटींचं नाव घ्या. माझं मी इथे घेते. आईला मी बघते."

दूध वर आलं. दुसऱ्याची शेगडी म्हणून दोघं दर वेळी चार थेंब सांडले की झटकन गॅस बंद करत. सोमयाजुलूंचा हात त्याच सवयीने बटणाकडे गेला. सुभद्रम्मांनी तो धरला आणि दूध ओट्यावरून खाली फरशीवर येईपर्यंत सोडला नाही.