चार्ज दिल्यानंतरच्या महादेवी अक्का

दुपारी दोनला ड्युटी संपवून पुढच्या सिस्टरला चार्ज दिला की महादेवी अक्का वॉर्डामागच्या नळावर जायच्या. कोपरापर्यंत हात धुवायच्या, मग तोंड, मग मानेवरून ओला हात फिरवायच्या. रुमालाने पुसत फाटकाबाहेर पडायच्या आणि मागे वळून बघायच्या नाहीत. आत कुणी कण्हत असो, कुणाचे नातेवाईक रडत असोत. मी नुकतीच नोकरीला लागले होते. पहिल्याच आठवड्यात मी ठरवून टाकलं, या बाईला काळीज नाही.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा तो सरकारी दवाखाना. अक्का तिथल्या इन्चार्ज सिस्टर. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालताना चपलेचा आवाज न होऊ देणाऱ्या. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. त्याची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत, आणि तरीही आठच्या ड्युटीला पावणेआठला हजर असत. त्यांचं चार्ज देणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. बाकीच्या सिस्टर रिपोर्ट बुकात चार ओळी लिहून मोकळ्या होत. अक्का पुढच्या सिस्टरला घेऊन एकेका कॉटपाशी उभ्या राहायच्या आणि पेशंटसमोर मोठ्याने सांगायच्या, "कॉट पाच. ताप उतरायलाय, पण पोटात काई न्हाई. दवाखान्याची खिचडी नगं म्हनते. घरून ज्वारीच्या कण्या मागवा."

एकदा दोन वाजून गेल्यावर गावातले एक पुढारी आले आणि फाटकातच अक्कांना अडवून म्हणाले, "बाई, आमचा माणूस आत आहे, जरा बघून जा."

"आतल्या सिस्टर बघायल्यात त्याला. माझ्यापेक्षा चांगलं बघतेत."

"पण मोठ्या तुम्ही ना?"

"आठ ते दोन मोठी. आता कारली घ्यायला चालले. येता का पिशवी धरायला?"

पुढारी हसले, पण मला हसू आलं नाही. मी तेव्हा एकवीस वर्षांची, आणि वॉर्ड माझ्यामुळेच चालतो अशी माझी समजूत. कामही तसंच होतं. पावसाळ्यात हगवणीची माणसं यायची, एका कॉटवर दोन-दोन. विद्यापीठाच्या नामांतराचा बंद असला की एसटी बंद, आणि पुढच्या ड्युटीची सिस्टर बाहेरगावाहून येणारी. मग चौदा तास, सोळा तास तेच पाय, त्याच पायऱ्या. मला याद्या करायची सवय आहे, आजही आहे. तेव्हा खोलीवर जाऊन यादी करायची: तीन नंबरचं सलाईन बदललं का, नऊ नंबरची लघवी मोजली का. एखाद्या ओळीपुढे खूण करता आली नाही की उठून पुन्हा वॉर्डात. झोप उडाली. ताट पुढे आलं की बाजूला सारायची. एका बाईचं तान्हं गेलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मी कागद भरत राहिले, आणि त्याचीच भीती बसली.

रात्रपाळी संपवून गेलेली मी सकाळी परत वॉर्डात आलेली दिसले की अक्का डाफरायच्या. "चार्ज दिलास ना? मग इथं काय करायलीस?"

"जीव राहत नाही, अक्का."

"आत हाय तवर माझा जीव ह्यांचा. बाहेर गेले की मला माझा लागतो. तुझा कुणाला दिलास?"

मला ते उद्धट वाटलं. अशी माणसं नोकरी फक्त पगारासाठी करतात, असं मी आईला पत्रातही लिहिलं.

मग सोजरबाईचं झालं. येलदरीकडची म्हातारी, दम्याची पेशंट. त्या दिवशी मी दोनला चार्ज दिला होता. पाचला मी यादी घेऊन परत गेले, तर सोजरबाई उशीवर वाकून धापा टाकत होती. केसपेपरवर चारच्या इंजेक्शनची नोंद नव्हती. दुपारच्या ड्युटीची पुष्पा सिस्टर पलीकडे सलाईन लावत होती. तिला विचारायलाही मी थांबले नाही. ट्रे उचलला, इंजेक्शन दिलं. पुष्पाने ते उशिरा, दहाच मिनिटांपूर्वी दिलं होतं, फक्त लिहायचं राहिलं होतं. सोजरबाईचे हात थरथरायला लागले, उलट्या झाल्या, नाडी इतकी पळायला लागली की मोजता येईना.

पुष्पा डॉक्टरांना बोलवायला धावली. निरोप मिळाला तशा अक्का घरून आल्या. त्यांना ड्युटी नसताना वॉर्डात पाऊल टाकलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. मला बाजूला घेतलं.

"डाक्टर साहेबाला कोन सांगनार?"

"तुम्ही सांगा ना, अक्का."

"मी संग उभी राहते. तोंड तुझं."

मी सांगितलं. साहेब जे बोलले ते इथे लिहीत नाही, बोलायलाच हवं होतं. दिवस मावळेपर्यंत नाडी ठिकाणावर आली. तेवढा वेळ मी भिंतीला टेकून उभी होते. मग अक्का म्हणाल्या, "आता म्हातारीला सांग. तिच्या अंगात गेलंय ते, तिला कळाया पायजे."

मी कॉटपाशी बसले आणि सगळं सांगितलं. सोजरबाईने ऐकून घेतलं. माझा हात धरून म्हणाली, "मला पैल्यापासनंच वाटत होतं, बाई. सकाळी तूच, दुपारी तूच, दिवा लागला तरी तूच. म्या सुनेला म्हनले बी, ह्या पोरीला घर न्हाई वाटतं. लय कीव यायची तुझी."

तिला माझी कीव यायची. वॉर्डाबाहेर येऊन मी कागद घेतला आणि राजीनामा लिहिला. अक्कांपुढे धरला, तर त्यांनी हात मागे घेतले.

"आता न्हाई घेत. ना तुझी ड्युटी हाय ना माझी. आधी गावाकडं जा. साहेबाकडून रजा मी घेते."

"किती दिवसांची?"

"भूक लागंपर्यंत."

दुसऱ्या दिवशी गेले. देवगाव फाट्यावर गाडी बदलली, सेलू, मग पाथरी, पुढे जीपने गाव. दोन दिवस झोपले. आई ताट ठेवायची आणि तसंच भरलेलं उचलून न्यायची. तिसऱ्या दिवशी परसात बसून जुन्या साड्यांच्या घड्या घातल्या, एवढंच. चौथ्या दिवशी सकाळी आई चुलीपुढे ज्वारीची भाकरी थापत होती. मी न बोलावता जाऊन बसले. तव्यावरची उतरली तशी ठेच्याबरोबर खाल्ली. दुसरी खाल्ली. आई तिसरी थापताना माझ्याकडे बघत नव्हती, पण तिचा हात हळू झाला होता.

पाचव्या दिवशी दुपारी पावणेदोनला मी वॉर्डाच्या दारात उभी होते. राजीनामा पर्समध्येच होता. अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती खाल्ल्या?"

"तीन."

"कशासंगं?"

"ठेचा."

"मग घे चार्ज," त्या म्हणाल्या आणि एक नंबरच्या कॉटपाशी जाऊन उभ्या राहिल्या.