अख्खे लाडू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, लिहायची सवय नाही. पण तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही वाचा.

माझी मुलगी सीमा सिंगापूरला असते. मुंबईहून विमानाने साडेपाच तास. पहिल्या खेपेला तिला इकडे येता येईना — डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. "आई, तूच ये," म्हणाली. पहिलं बाळंतपण आईनेच करायचं, हे काय मला सांगायला हवं? यांना निफाडची द्राक्षबाग सोडवत नव्हती, म्हणून एकटीनेच जायचं ठरलं. पासपोर्ट काढला. डिंकाचे लाडू वळले.

आणि मग — मग मी फोन करून सीमाला सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, बीपी आहे, इतका लांबचा विमानप्रवास नको."

बीपी आहे मला, गोळी घेते. पण डॉक्टर असं म्हणालेच नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

भीती विमानाची नव्हती. इंग्रजी पाट्यांची होती, सरकत्या जिन्याची होती. कुणी काही विचारलं तर? जावयासमोर अडाणी ठरले तर? एवढंच. एवढ्यासाठी माझी लेक आईवाचून बाळंत झाली. जावयाने मोबाइलवर बघून बघून बाळाला अंघोळ घातली. लाडू पार्सलने पाठवले, त्यांचा चुरा झाला. "चमच्याने खातेय गं," सीमा हसून म्हणाली. मीही हसले.

याहून वाईट पुढेच आहे. त्याच वर्षी नागपूरला पुतणीचं बाळंतपण आलं. जाऊबाईंची कंबर धरलेली, म्हणून मी गेले. बसने. संध्याकाळी नाशिकला बसले ती सकाळी नागपूरला उतरले. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना कुणीतरी फोटो काढला, तो सीमाला गेला. तिचा फोन आला.

"नागपूर किती तास गं, आई?"

"काय माहीत — झोपले होते."

तिने पुतणीच्या बाळाची चौकशी केली आणि फोन ठेवला. बीपीचं नावसुद्धा काढलं नाही.

आता तिला दुसरं मूल होणार आहे. या वेळी तिने बोलावलंच नाही. मीच फोनवर म्हणाले, "येते."

"अगं, आणि बीपी?"

"डॉक्टर जा म्हणाले." या वेळी खरंच विचारलं होतं.

मागून नात ओरडली, "आजी, लाडू आण! अख्खे!"

हल्ली बसने नाशिकला जाऊन मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर चढते-उतरते. पहिल्या दिवशी पाय उचलेना. वॉचमन म्हणाला, "मावशी, काय हरवलं का?" आता पदर सावरून नीट पाय टाकते.

लाडवांचा डबा हातातच नेणार आहे. तिथे पोहोचले की आधी सीमासमोर बसून सांगायचं — डॉक्टर नको म्हणाले नव्हते, मीच आले नाही. तिला बहुतेक कळलेलं आहे. तरी ते माझ्या तोंडून निघायला हवं.

रागावली तर रागावेल. मी तिथेच असेन.