देवमनची तिसरी तार

परतवाड्याच्या आसपास कुणाच्या विहिरीवरची मोटार जळली, की ती देवमनकडे येते. चाळीस वर्षं तो जळक्या मोटारींत नवं तांबं भरतो आहे. कुठलीही वस्तू हाती आली, की तिच्या आत काय आहे हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. माझ्या नातवाचं खेळण्यातलं विमान त्यानं एकदा दुरुस्तीला म्हणून नेलं. ते बिघडलेलं नव्हतंच.

त्यामुळे मागल्या दिवाळीत त्यानं विजेवरची गाडी घेतली, तेव्हा गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. पण गाडी त्यानं नुसती आत डोकावायला घेतली नव्हती. त्याची मोठी बहीण माणिकबाई अकोल्याला डाबकी रोडवर एकटी राहते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला एसटीची पायरी चढवत नाही, आणि भाड्याच्या गाडीत ती बसत नाही. देवमनला घर बांधून सहा वर्षं झाली, तरी तिनं ते पाहिलं नव्हतं. गाडी घेतल्यावर ती कबूल झाली, पण अट घालून.

"सकाळी येईन अन् संध्याकाळी वापस. परक्या घरी मले झोप येत नाई."

"परकं म्हनते, गुरुजी," तो मला चार वेळा म्हणाला. "माह्यं घर बाईले परकं?" बहिणीला तो लहानपणापासून बाईच म्हणतो.

परतवाडा ते अकोला शंभर किलोमीटर. एका चार्जिंगमध्ये गाडी जाते एकशेऐंशी. म्हणजे बाईला घेऊन निघण्याआधी अकोल्यात चार्जिंग आलंच. पंपावरचा चार्जर चालू असेल का, पुढे किती गाड्या असतील, याचा भरवसा नाही. त्यापेक्षा बाईच्याच घरी लावावी, तेवढ्यात चहा-नाश्ताही होईल, असा त्याचा बेत. गाडीसोबत घरच्या प्लगला लावायचा चार्जर मिळालाच होता. बाकी काय लागतं हे पाहायला आम्ही दोघं अमरावतीला गेलो.

दुकानात शुभंकर नावाचा तरुण होता. त्यानं काउंटरवर सगळं मांडलं. देवमननं आधी एक छोटा जोडप्लग उचलला.

"हे काय करते?"

"काका, घरी मोठा प्लग नसला तर लहान प्लगवर चार्जर लावता येतो."

"म्हंजे पाच अँपियरच्या भोकात पंधराचा भार? हे तं आग लावाचं सामान हाये. बाजूले ठेव."

मग एक्स्टेन्शनची जाड वायर आली. देवमननं खिशातून पातं काढलं.

"काका, कापू नका!"

"कापत नाई रे बावा, खरडून पाहतो." टोकाची एक तार त्यानं खरडली. आत पांढरं निघालं. "वरून तांबं, अंदर अल्युमिनियम. दोन तास भार घेतला की हे चुलीसारखं तापते. अस्सल तांब्याची दाखव, चार एमएमची."

शुभंकरनं निमूटपणे आतून दुसरी आणली. तीही खरडून झाली. लाल निघाली, तेव्हा कुठे देवमन हसला. गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाला पाऊस लागू नये म्हणून असलेलं प्लास्टिकचं झाकण त्यानं परत केलं. पावसात उभी करायची तर पत्र्याखाली करेन, म्हणाला. पण तीन दिव्यांचा एक तपासणी-प्लग मात्र त्याच्या हातातून सुटेना. भिंतीतल्या प्लगमध्ये खोचला, की फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग बरोबर आहे का हे दिव्यांवरून कळतं.

"अर्थिंग नसलं तं?"

"एक दिवा लागत नाही. आणि गाडी चार्जिंगच घेत नाही, काका."

"मोटार तं घेते."

"मोटारीला जिवाची काळजी नसते," शुभंकर म्हणाला. देवमनला हे उत्तर इतकं आवडलं, की त्यानं तो तपासणी-प्लग घेतला.

पुढचे आठ दिवस त्यानं आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराचे प्लग तपासले. माझ्या स्वयंपाकघरातला एक नापास झाला.

रविवारी आम्ही अकोल्याला गेलो. माणिकबाईंनी दारातच गाडीभोवती एक फेरी मारली.

"इंजन कुठं हाये रे हिचं?"

"इंजन नाई, बाई. मोटार हाये."

"म्हंजे तू आता विहिरीवरून रस्त्यावर आला."

कूलरचा मोठा प्लग हिवाळ्यात रिकामाच होता. देवमननं वायर ओढली, चार्जर लावला. चार्जरवर लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. मी म्हणालो, "तुझं ते तीन दिव्यांचं खोचून पाहा ना."

"गुरुजी, या घराची वायरिंग म्या सोता केली. एकतीस वर्सं झाली. बाईकडून एक पैसा नाई घेतला."

तरी थोड्या वेळानं त्यानं तपासणी-प्लग आणला. कूलरच्या प्लगमध्ये एक दिवा लागला नाही. टीव्हीच्या नाही, धुण्याच्या यंत्राच्या नाही. घरातल्या एकाही प्लगमध्ये तो दिवा लागला नाही. पेचकस घेऊन त्यानं एका प्लगचा खोका उघडला. तीन भोकांपैकी तिसऱ्याला तारच नव्हती.

तो खाली बसला. मग मला म्हणाला, "शेतात आमी तिसरी तार मुडपून टेप लावत होतो, गुरुजी. मोटार दोन तारांवर, तीन तारांवर कशीही फिरते, कोन इचारते अर्थिंगले? तीच सवय घरात आनली."

फ्रिजसमोर एक लाकडी पाट होता. माणिकबाई ठेंगण्या, म्हणून वरच्या कप्प्याला हात पुरावा यासाठी तो असेल, असं देवमनला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"बाई, हा पाट इथं काऊन ठेवला?"

"फ्रिज चावते ना रे. पाटावर उभं राह्यलं की चावत नाई."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं, करंट मारते म्हनून. तू म्हनला, वल्या हातानं हात नोको लावू. मी पुसूनच लावत होती, तरी चावे. मंग म्हनलं, भावानं केलेलं हाये, त्याले काय बोलाचं."

देवमननं चार्जर गुंडाळून गाडीत ठेवला, आणि बहिणीला म्हणाला, "आज जाऊ नाई आपन."

मी संध्याकाळच्या एसटीनं परतलो. पुढचं त्यानं फोनवर सांगितलं. मागच्या अंगणात त्यानं अर्थिंगसाठी पुरुषभर खोल खड्डा खणला. पाइप, कोळसा, मीठ घातलं. तिथून हिरवी तार प्रत्येक खोलीत, प्रत्येक प्लगपर्यंत नेली. भिंती फोडाव्या लागल्या. माणिकबाई सिमेंट कालवून देत होत्या आणि कुठे भोक वाकडं झालं ते दाखवत होत्या. तीन रात्री तो तिथेच झोपला. इतकी वर्षं तो दर महिन्याला जायचा, पण शेवटच्या गाडीनं परत यायचा; बहिणीकडे एवढा मुक्काम तिच्या लग्नानंतर पहिलाच. चौथ्या दिवशी चार्जरवर हिरवा दिवा लागला.

दुपारी गाडी आमच्या गल्लीत आली. माणिकबाई पुढच्या सीटवर होत्या, मांडीवर एक लहान पिशवी. देवमनची बायको पंचफुला ओवाळायला पुढे झाली. बाईंनी चहा घेतला, मग खोल्या पाहायला निघाल्या. देवमन मागे मागे, हात मागे बांधून, तपासणीला आलेल्या साहेबामागे कारकून चालावा तसा. बाईंनी खिडक्या पाहिल्या, ओटा पाहिला. मग भिंतीतल्या एका प्लगपाशी थांबल्या.

"या घराची वायरिंग कोनं केली?"

"अमरावतीच्या ठेकेदारानं," देवमन म्हणाला. "मले टाइमच नाई भेटला, बाई."

माणिकबाईंनी पिशवी पलंगावर ठेवली.

"मंग राहीन आठ दिवस," त्या म्हणाल्या, आणि पंचफुलाला विचारलं, "उशी कुठं हाये व?"