पाहुणे होऊन परत आलो

ऊन चांगलं वर आलं होतं आणि आम्ही दोघं नवराबायको जॉर्जियातल्या एका खोलीत पडदे ओढून, पांघरूण डोक्यावर घेऊन झोपेचं सोंग करून पडलो होतो.

दारावर टकटक झाली. मग घरमालकांचा खणखणीत आवाज आला, "विलास! विलास!"

"ओ देऊ नका," मी पांघरुणातून पुटपुटले.

"देत नाहीये," विलास म्हणाले. "पण अगं, ते माझा श्वास ऐकत असतील."

आम्ही दोघंही साठीच्या आसपासचे. शाळेत न जाण्यासाठी पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोरांसारखे लपून बसलो होतो. आणि गंमत म्हणजे पाहुण्यांची सरबराई हाच आमचा धंदा.

भंडारदऱ्याजवळ आमचं होमस्टे आहे. होमस्टे म्हणजे हॉटेल नव्हे. स्वतःच्या घरातल्या काही खोल्या पर्यटकांना राहायला द्यायच्या, घरचं जेवण द्यायचं. विलास पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, मी खाली शहरात, सावेडीत, घेत असलेल्या शिकवण्या बंद केल्या आणि सावेडीचा फ्लॅट मुलाच्या ताब्यात देऊन आम्ही इकडे वर येऊन राहिलो. बुकिंग, हिशोब, लिस्टिंग हे सगळं माझ्याकडे. लिस्टिंग म्हणजे वेबसाइटवरची आपल्या घराची जाहिरात, फोटोंसकट. विलासकडे पाहुण्यांचं स्वागत. स्वयंपाक गावातल्या हिराबाईंकडे.

स्वागताच्या बाबतीत विलासचा हात कुणी धरू शकणार नाही. ते मूळचे पुणतांब्याचे. त्यांच्या घरात पाहुणा "नको" म्हणाला की ताटात दोन जिलब्या जास्त पडत. तोच खाक्या त्यांनी इथे चालवला होता. पाहुणा गाडीतून उतरला की सरबत, सरबत संपायच्या आत धरणाचा इतिहास, इतिहास संपायच्या आत जेवणाची पानं. जेवताना हे शेजारी उभे. "अजून एक भाकरी. अहो, डोंगरात आलात, भूक लागते." संध्याकाळी पाहुणे जरा ओट्यावर टेकले की हे खुर्ची ओढून हजर.

पाहुणे खूश व्हायचे, असं आम्हाला वाटायचं. रिव्ह्यूही चांगले यायचे. मात्र काही रिव्ह्यूंमध्ये एकच वाक्य फिरून फिरून यायचं. 'काका-काकू फार प्रेमळ, पण आम्हाला जरा निवांतपणा हवा होता.' आणि एक स्टार कमी.

"प्रेमळ म्हणतात आणि स्टार कापतात," विलास चिडायचे. "हा कुठला न्याय?"

मलाही कळायचं नाही. ते कळलं जॉर्जियात.

जॉर्जिया हा रशियाच्या खालचा, कॉकेशस डोंगरातला एक छोटा देश. आमच्या सावेडीच्या सोसायटीतलं एक जोडपं तिकडे जाऊन आलं होतं. त्यांचे फोटो पाहून आम्हीही निघालो. हॉटेलात राहायचं नाही, आपल्यासारख्यांच्याच घरी राहायचं, असं ठरवून गेलो. धंद्याचं काही शिकायला मिळेल, हाही हेतू होता.

पहिलं घर डोंगरातल्या एका खेड्यात. घरमालकांचं नाव गिओर्गी. वय आमच्याच आसपास, मिशा पांढऱ्या, मन मोठं. त्यांची मुलगी त्यांना 'मामा' अशी हाक मारायची. तिकडे वडिलांना मामा म्हणतात. हे कळल्यावर विलास इतके हसले की गिओर्गींनी ते मैत्रीचं लक्षण समजून त्यांना मिठीच मारली.

मग सुरू झालं. चीज भरलेल्या जाडजूड रोट्या. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी. ती तर इतकी आपल्या भरल्या वांग्यासारखी की मी बोटं चाटली. पण बोटं चाटली हे गिओर्गींनी पाहिलं आणि ताटात आणखी चार वांगी आली. विलास दारू घेत नाहीत. नको म्हटलं तर गिओर्गींना वाटे, पाहुणा लाजतोय. मोबाईलवर भाषांतर करून विलासनी सांगितलं, "मला ब्लडप्रेशर आहे." गिओर्गींनी मोबाईलवरच उत्तर दिलं, "ही त्यावर उत्तम आहे."

गावाबाहेर टेकडीवर एक जुनं दगडी चर्च होतं. तिथं दोघांनीच चालत जायचं, वर बसून दरी बघायची, एवढीच माझी इच्छा होती. निघालो की गिओर्गी फाटकात उभे. "द्राक्षाचा मळा बघायला चला." दुसऱ्यांदा निघालो तर त्यांचे चुलतभाऊ भेटायला आलेले. आम्हाला बघण्यासाठी मुद्दाम बोलावून घेतलेले! पुढच्या खेपेला आम्ही मागच्या दाराने निघालो. तर मागे अंगणात त्यांनी टेबल मांडून ठेवलं होतं.

म्हणून ते झोपेचं सोंग.

टकटक थांबली. पावलं लांब गेली. विलासनी पांघरूण बाजूला केलं आणि छताकडे बघत राहिले.

"माणूस वाईट नाही गं," ते म्हणाले. "लाखात एक आहे. पण किती!"

  मग तेच हळू आवाजात म्हणाले, "आपल्याकडे पण पाहुणे असे पांघरुणात लपून बसत असतील का गं?"

आणि आम्हाला इतकं हसू आलं की उशी तोंडावर दाबून धरावी लागली. आवाज बाहेर गेला असता तर वांगी आली असती.

तिथून आम्ही एका लहान शहरात गेलो. तिथलं घर अगदी उलट. मालकीणबाई तामार खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांनी हसून किल्ली दिली, किटली कुठे, पाव कुठे ते दाखवलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी खाली आहे. लागलं तर आवाज द्या." आणि गेल्या. त्या गेल्या त्या गेल्याच.

पहिल्या दिवशी विलास राजासारखे पाय पसरून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांची चुळबूळ सुरू झाली. "जेवलो का, झोप लागली का, काही विचारायचं नाही? ही कसली माणुसकी?"

त्यानंतर एका सकाळी बूट घालायला म्हणून वाकले आणि त्यांची कंबर धरली. सरळ होता येईना, बसता येईना. मी घाबरून जिन्यात गेले आणि एकदाच हाक मारली. तामार क्षणात वर आल्या. गरम पाण्याची पिशवी आणली, एका शेजाऱ्याला बोलावलं, दोघांनी विलासना गाडीत बसवलं आणि डॉक्टरकडे नेलं. परत आल्यावर सूप ठेवलं आणि पुन्हा खाली निघाल्या.

मी त्यांना जिन्यात थांबवून विचारलं, "तुम्ही इतक्या लगेच कशा आलात?"

त्या म्हणाल्या, "आज तुमचे पडदे उघडायला उशीर झाला. माझं लक्ष होतंच."

म्हणजे बाई रोज आमचे पडदे बघत होत्या. सकाळी उघडले का, संध्याकाळी दिवा लागला का. आम्हाला वाटत होतं, कुणाचं लक्ष नाही. लक्ष पूर्ण होतं, फक्त ते आमच्या अंगावर येत नव्हतं. मी विलासना हे सांगितलं. ते कमरेला पट्टा बांधून आडवे पडले होते. त्यांनी मान वळवून पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हे आपल्याला जमेल का?"

"मला जमेल," मी म्हटलं. "तुमचं बघू."

परत आल्यावर आम्ही नवे नियम केले. सकाळचा चहा थर्मासमध्ये भरून खोलीबाहेर ठेवायचा, दार वाजवायचं नाही. जेवण टेबलावर मांडायचं आणि आत जायचं. पाहुण्यानं विचारल्याशिवाय धरणाबद्दल एक शब्द नाही. आणि 'कुठले, काय करता, मुलं किती' ही चौकशी साफ बंद.

सगळ्यात जास्त विरोध हिराबाईंचा. त्या भाकरी थापायच्या थांबल्या.

"वाढायचं बी न्हाई? मंग पाव्हना उपाशी ऱ्हाईल की, बाई!"

"लागलं तर मागेल ना."

"मागून खायला त्यो भिकारी हाय व्हय?" त्यांनी भाकरी तव्यावर जोरात टाकली. "परदेशात जाऊन लई वंगाळ शिकून आलात तुमी."

विलास लगेच त्यांच्या बाजूने झाले. "बघ, मी तेच म्हणत होतो."

पहिले काही पाहुणे असेच गेले. विलास स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओट्याकडे बघत येरझाऱ्या घालायचे. दाबून ठेवलेल्या बोलण्यानं त्यांचा चेहरा लाल व्हायचा. मी त्यांना गवत काढायला पाठवायचे. आमच्या अंगणातलं गवत त्या दिवसांत फार स्वच्छ निघालं.

मग वैशाली आल्या. नाशिकच्या, चाळिशीतल्या, एकट्याच, आठवडाभरासाठी. एकटी बाई आठवडाभर राहणार म्हटल्यावर हिराबाईंचे डोळे मोठे झाले.

"मालक न्हाई आलं संगं?"

"विचारायचं नाही," मी म्हटलं.

"भांडून आली आसंल."

"हिराबाई!"

वैशाली फार बोलायच्या नाहीत. सकाळी धरणाच्या कडेनं चालून यायच्या, दुपारभर ओट्यावर नुसत्या बसायच्या. हातात पुस्तक नाही, मोबाईल नाही. जेवण थोडं. पानात अर्धी भाकरी उरली की हिराबाई माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच बाईंना उपाशी मारते आहे.

एका सकाळी त्या बाहेरच आल्या नाहीत. पडदे बंद. दुपार झाली, जेवण टेबलावर गार झालं. विलास दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.

"मीना, मी वाजवतो दार. काही बरंवाईट झालं असेल तर?"

हिराबाई म्हणाल्या, "मी सांगत हुते. माणसाला असं येकटं सोडू न्हाई."

 पडदे बघायला मी शिकून आले होते; पण ते उघडले नाहीत तर किती वेळ थांबायचं, हे मी तामारना विचारलं नव्हतं. एकट्या बाईच्या बंद दारासमोर उभं राहून नियम आठवणं सोपं नसतं. तिला काही झालं असतं तर कुठला नियम मला वाचवणार होता?

शेवटी मी गेले. वाजवायला हात वर केला आणि खाली लक्ष गेलं. सकाळी दारात ठेवलेला थर्मास जागेवरच होता. मी उचलला. रिकामा. कपही धुऊन उपडा घातलेला. म्हणजे बाई उठल्या होत्या, चहा प्यायल्या होत्या, कप विसळण्याइतक्या ठीक होत्या आणि दार पुन्हा लावून घेतलं होतं. त्यांना आज कुणी नको होतं.

मी थर्मास पुन्हा चहानं भरला, ताटलीत दोन तिळाच्या वड्या ठेवल्या आणि दार न वाजवता परत आले. विलासना सांगितलं, "ठीक आहेत." त्यांनी मोठ्यानं श्वास सोडला. हिराबाईंनी तोंड वाकडं केलं, पण रात्रीच्या पिठल्यासाठी पीठ एक मूठ जास्तच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली आपणहून स्वयंपाकघरात आल्या आणि चुलीजवळच्या पाटावर बसल्या. हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच नको म्हटलं. शाबास त्या बाईची, ओठ घट्ट मिटून भाकरी थापत राहिल्या.

बऱ्याच वेळानं वैशालीच बोलल्या.

"माझी आई गेली. फार दिवस अंथरुणावर होती, मीच करत होते. गेल्यावर घरात माणसं येत राहिली. सगळी प्रेमानंच यायची. पण प्रत्येकजण विचारायचा, कसं झालं? शेवटी काही बोलल्या का? मी तेच तेच सांगत राहिले. इतकं सांगितलं की मला रडायलाच वेळ मिळाला नाही." त्यांनी चुलीत एक काटकी आत सरकवली. "काल मिळाला."

 चूल धडधडत होती. हिराबाईंनी डोळे पदराला पुसले, हाताचं पीठ गालाला लागलं. मग एक गरम भाकरी ठेचा लावून वैशालींच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, "खा, माय."

ती भाकरी त्यांनी पूर्ण खाल्ली.

दुपारी आम्ही नेहमीसारखं टेबल मांडलं आणि आत निघालो, तर वैशाली म्हणाल्या, "काकू, तुम्ही सगळेच बसा ना. मी वाढते."

आता हे आमच्या नियमात कुठेच नव्हतं. पण पाहुण्यानं बोलावलं, तर नाही कसं म्हणणार? आम्ही बसलो. हिराबाई आधी बसेनात. वैशालींनी त्यांना हाताला धरून बसवलं. मग त्या वाढत राहिल्या, मध्ये आईच्या आठवणी सांगत राहिल्या. आईला कारलं आवडायचं, आई पत्त्यांत लबाडी करायची. बोलता बोलता एकदा हसल्या. आणि विलासच्या पानाकडे बघून म्हणाल्या, "काका, अजून एक भाकरी घ्या ना. एवढ्यानं काय होतंय?"

विलासची शुगर वाढलेली आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं, आणि त्यांनी मुकाट्यानं पान पुढे केलं.

वैशालींनी रिव्ह्यू लिहिलाच नाही. पण पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला. मावशीला घेऊन यायचं होतं. आमचे स्टार अजून तेवढेच आहेत आणि विलास अजूनही गवत काढतात. नवीन होमस्टे काढणारे मला विचारतात, काय काय लागतं? गाद्या चांगल्या घ्या, गीझर तपासून घ्या, हे मी सांगतेच. शिवाय सांगते, वर्षातून एकदा दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून राहून या. शक्यतो जरा जास्तच प्रेमळ माणसाच्या घरी.