चिंचेवरचं वेटोळं

बुधवारी आप्पा गेले. निरोप आला तेव्हा मी वर्गात फळ्यावर गणित लिहीत होतो. ते पुरं केलं आणि निघालो.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. बेळगावाहून निपाणीकडं जाणाऱ्या सडकेलगत आमची वाडी. तिथून जाणाऱ्या तारखात्याच्या तारा सांभाळण्यात त्यांची उमर गेली. चालता चालता थांबून ते खांबाला कान लावत. आत गुणगुण चाले. पुस्तक पाहून मी सांगितलं, वाऱ्यानं तार थरथरते. "बरं," ते म्हणाले, "मग वारा पडला तरी कवाकवा वाजती, ती का रं?"

वादळात खांब कोसळले की तारा शेतांत लोळत आणि गुरांचे पाय अडकत. म्हणून आप्पांनी वाडीला शिकवलं होतं : पडलेली तार दिसली की वेटोळं करायचं आणि चिंचेला अडकवायचं. बायामाणसं ते इमानानं करत. पुढं आप्पा घरी बसले आणि त्याच सडकेनं विजेचे खांब आले.

त्यानंतरच्या पहिल्याच वादळात विजेची तार तुटून पडली. शेजारच्या गंगाक्का पदर खोचून उचलायला वाकल्या, तेवढ्यात आप्पा ओरडत धावले.

"आक्का, हात मागं! ही ती तार न्हवं!"

"तार म्हंजे तारच की. तुमीच शिकवलासा न्हवं?"

"हिच्यात वीज हाय."

"कुटं? दिसत तर न्हाय."

आप्पा काठी आडवी धरून तिथंच बसले. दुपारी वीजघराची माणसं आली आणि म्हणाली, वारा सुटताच वीज बंद केली होती. वाडी हसली. "मेलेल्या तारंची राखण केली आप्पांनी!" गंगाक्का म्हणाल्या. आप्पा हसले नाहीत. घरी मला एवढंच म्हणाले, "मी शिकवल्यालं त्यास्नी लई पक्कं बसलंय रं. आता ते काढू कसं?" दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार गेले. मी चुकीचं शिकवलं म्हणा, पण हात लावू नका, असं सांगत फिरले. लोक मान हलवत. पटलं का, ते कळायला मार्ग नव्हता. दर वादळानंतर आप्पा आधी सडकेवर जाऊन बघून येत.

ते गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा वादळ झालं. लोकांच्या मनातनं ते शिकवलेलं निघालं असेल का, हा आप्पांचाच प्रश्न मला पडला आणि मी सडकेकडं पळालो. तार पडली होती. तिच्यापासून चार हात लांब गंगाक्का काठी आडवी धरून बसल्या होत्या.

"गुर्जी, पलीकडनं जावा," त्या म्हणाल्या. "वीज असंल, नसंल. आपल्याला दिसत न्हाय."

वीजघराची माणसं आली, त्यांनी तपासलं. ह्या खेपेला तारेत वीज होती.

ती काठी आप्पांची होती. काकूंकडून गंगाक्कांनी ती मागून नेली होती. आता ती त्यांच्याच दाराशी असते. चिंचेवर तारखात्याच्या तारेचं एक जुनं वेटोळं आहे. नवं कुणी अडकवलेलं नाही.