हिरव्या भाताचे पोहे

ख्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात मी नर्स होते, तेव्हाची ही गोष्ट. २०१६चा वसंत असावा, न्यूझीलंडचा, म्हणजे ऑक्टोबर. वॉर्डातली माझी फिलिपिनो मैत्रीण हॉर्नबी या उपनगरात राहायची. नवरा सुतार, भूकंपात पडलेली घरं पुन्हा बांधायच्या कामावर. तिचं माहेर इसाबेला प्रांतातलं, सगळी भातशेती. मी तो प्रांत पाहिला तो तिच्या ओट्याशी उभं राहून. कारली, वांगी, भेंडी, भोपळा, सगळं खारवलेल्या मासळीत शिजवताना ती सांगायची, "भोपळा नदीकाठचाच हवा. पुराच्या गाळात गोड होतो." पूर हा शब्द ती इतक्या सहज उच्चारायची की मलाच कसंतरी व्हायचं.

एका रविवारी बाहेर नॉर्वेस्टर सुटला होता, इथला तो डोकं उठवणारा कोरडा वारा. तिने आईला व्हिडिओ कॉल लावला. आई अंगणात उखळात कांडत होती.

"हिरवं भात भाजून कांडतात. तुमच्या पोह्यांसारखं," मैत्रीण मला म्हणाली आणि एकदम स्क्रीनकडे वाकून बघायला लागली. हे पोहे सुगीच्या तोंडावर हौसेने करायचे, तेही थोडेसेच. आईच्या मागे हिरव्या लोंब्यांचे ढीगच्या ढीग पडले होते.

"एवढं का कापलंत?" तिने विचारलं. आईचं उत्तर ती मला इंग्रजीत सांगत गेली. "वादळ येतंय. बाबा म्हणाले, शेतात कुजण्यापेक्षा पोटात गेलेलं बरं."

"आई, शाळेत जा. वरच्या मजल्यावर. आत्ता."

"जाऊ ग. तुझे बाबा रेड्याला दाव्यातून सोडून आले की निघतो."

मागचं आभाळ पितळेसारखं पिवळं झालं होतं. बदकं खोपटात शिरायला तयार नव्हती. आई त्यांना हाकत असतानाच चित्र थिजलं आणि कॉल तुटला. मैत्रिणीने पुन्हा पुन्हा लावून पाहिला. मग ती भेंडी चिरायला लागली.

पुढचे कितीतरी दिवस तिकडून काहीच कळेना. ती ड्यूटीवर येत होती, पेशंटशी हसून बोलत होती. फोन मात्र एप्रनच्या खिशात, हाताखाली. शेवटी आतेभावाचा मेसेज आला. आई शाळेत सुखरूप होती. बाबा रेडा सोडायला गेले ते परतले नव्हते. नदीवरचा बंधारा फुटला होता. ते सापडले खालच्या गावाजवळ.

मी वरणभात घेऊन गेले. ती विमानाची बॅग भरत होती. टेबलावर एका ताटलीत भात, उकडलेलं अंडं आणि पाण्याचा पेला मांडलेला.

"आमच्यात गेलेल्यांना वाढतात," ती म्हणाली. "तुमच्यात?"

"वाढतात," मी म्हटलं.

तिने डब्यातला वरणभात त्या ताटलीत वाढला आणि मग मला खुर्ची सरकवून दिली.