किसनभाऊंचा उंबरा

डीव्हीडी लावली, पडद्यावर पहिलं पान आलं, की माणूस काय करतो? रिमोटचं बटण दाबतो आणि पुढं जातो. किसनभाऊंसमोर असं कुणी केलं की ते रिमोट हिसकावूनच घ्यायचे. “अगं बाई, उंबऱ्यावर कोण उभं हाय ते तरी बघशील का न्हाई? डायरेक घरात घुसतीस!”

उंबरा म्हणजे ते पहिलं पान. हळद, लग्न, वरात अशी बटणं असतात ना, ते. सगळं जग त्याला मेन्यू म्हणतं, पण भाऊ शेवटपर्यंत उंबराच म्हणाले. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. चाकणच्या पेठेतल्या त्यांच्या स्टुडिओत मी सहा वर्षं एडिटिंग केलं. भाऊ मूळचे महाळुंग्याचे. घरची जमीन कंपन्यांत गेली तेव्हा भावांनी गाळे बांधले, ह्यांनी कॅमेरा घेतला. अख्खं लग्न मी कापायचे, जोडायचे, पण उंबऱ्याला मला हात लावू द्यायचे नाहीत. वर आंब्याच्या पानांचं तोरण, उजवीकडं बटणं, खाली नवरा-नवरीची नावं आणि मागं आठ-दहा सेकंदांचं हलतं चित्र, तेच तेच फिरत राहणारं. एवढ्याला दोन दोन दिवस! मी वैतागून म्हणायचे, “भाऊ, हे कुणी बघत नाही हो.”

“न बघू दे. घराला उंबरा काय लोकांनी बघावा म्हणून ठिवत्यात व्हय?”

मी आपली परत लग्न कापायला वळायचे.

आमच्याकडं हार्डडिस्कवर लग्नाचं नाव म्हणजे दोन्हीकडची आडनावं. एका हंगामात ‘पवार-शिंदे’ नावाची दोन लग्नं झाली. डिस्क भरली म्हणून एक पुसायला घेतलं आणि मी नेमकं नको ते पुसलं. कॅमेऱ्याच्या कॅसेटांवर तोवर दुसरी लग्नं घेऊन झालेली. भाऊंना जाऊन सांगितलं. चहा गार झाला तरी दुकान डोक्यावर घेणारा माणूस, पण त्या दिवशी एवढंच विचारलं, “उंबरा पण गेला?”

“सगळंच गेलं, भाऊ.”

“सीडी दिलीया न्हवं त्यांना? मग हाय.” आणि कामाला लागले. मला वाटलं, आपली समजूत काढतायत.

पुढं डीव्हीडीचा जमाना संपला. मी हिंजवडीत एका कंपनीत ट्रेनिंगच्या फिल्मा करायला लागले. मध्ये दहाएक वर्षं गेली आणि एका सकाळी भाऊंचा फोन. “वर्षाताई, आजच्या आज रजा टाक. सीडी वाचायचं ते जुनं यंत्र हाय का तुज्याकडं? घिऊन ये.”

“झालं काय?”

“सारिकाचा बाप चाललाय.”

सारिका म्हणजे मी पुसलेल्या लग्नातली नवरी. तिचे वडील, महाळुंग्याचे आबा पवार, भाऊंचे लहानपणापासूनचे दोस्त. दवाखान्यानं घरी सोडलं होतं आणि ते सारखं लेकीचं नाव घेत होते. लेक पुनावळ्यात, तासाभराच्या वाटेवर, पण यायला तयार नव्हती. तिनं परभणीकडचा, कंपनीत कंत्राटावर असलेला मुलगा पसंत केला होता. आबा पेटले होते. कन्यादान चुलत्यानं केलं. “माझ्या लग्नात त्यांनी पाऊल ठेवलं नाही, मी त्यांच्या दारात ठेवणार नाही,” असं तिनं तेव्हा सांगितलं ते आजतागायत.

“पण तो आला व्हता, वर्षाताई,” भाऊ म्हणाले. “मी कॅमेऱ्यात घेतलाय त्याला. उंबऱ्यात ठिवलाय.”

म्हणजे मी त्या दिवशी काय पुसलं होतं! एका माणसाचं लेकीच्या लग्नाला येणंच पुसलं होतं.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” मी जवळजवळ ओरडलेच.

“शब्द दिला व्हता. माज्याकडं बघून म्हनला, किसन, मला दाखवू नको. न्हाई दाखवला. पण कापीन असं कुठं म्हनलो व्हतो?” जुने डबा टीव्ही चित्राची कड खायचे, कडेचा भाग पडद्यावर यायचाच नाही. भाऊंनी आबांना बरोबर त्या कडेला उभं केलं होतं. आहेत, पण दिसत नाहीत.

मी दुकानात पोहोचले तर सारिका आलेली. खांद्यावरची पर्स काढायला तयार नाही, बसायला तयार नाही. डीव्हीडी पिशवीत घालून आणली होती, तिच्या पोरांनी खेळून खेळून चरे पाडलेली. “काका, तुमचा मान राखून आले. पंधरा मिनिटं. मग मी जाणार.”

भाऊंनी साबणाच्या पाण्यानं डिस्क धुतली. “मधनं भाईर पुसायचं, गोल न्हाई,” स्वतःलाच सांगत होते. मी ड्राइव्हमध्ये घातली. खर्र, खर्र. डिस्क ओळखेना. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आत गेली आणि भाऊंचा फोन वाजला. महाळुंग्याहून होता. भाऊंनी ऐकलं, “बरं” म्हणाले आणि ठेवला. “श्वास लागलाय,” एवढंच माझ्या कानाशी.

सारिकानं ते ऐकलं असावं. “काका, मला तिकडं न्यायला थाप मारताय ना तुम्ही?”

“व्हय, म्हातारा थापाड्याच हाय. पाच मिंटं दम धर.”

चौथ्या वेळी डिस्क लागली. कॉपी सुरू केली तर आकडा एकोणचाळीस टक्क्यांवर येऊन रुतला. मिनिट गेलं, दोन गेली. सारिका दाराकडं निघाली. आणि मला सुचलं, अगं मूर्ख बाई, अख्खं लग्न कशाला हवंय तुला? मेन्यूची फाइल वेगळी असते, छोटीशी! कॉपी थांबवली, तेवढी एकच फाइल मागितली, वेग अगदी कमी केला. ड्राइव्ह कण्हत होता. मी देवाचं नाव घेत होते, खोटं कशाला सांगू. आणि आली फाइल.

उघडली. तोरण, नावं, बटणं. बटणं नेहमीसारखी उजवीकडं. डावीकडं भाऊंनी एक अक्षर टाकलं नव्हतं, फक्त केशरी अंधार भरला होता. मी तो रंग उतरवत गेले, उजेड चढवत गेले. आधी पाण्याचा टँकर दिसला. मग मांडवाचं फडफडणारं कापड. मग टँकरच्या आडोशाला, रस्त्यावर, पांढरी टोपी घातलेला माणूस.

“थांबा,” सारिका म्हणाली.

माणसाची मूठ वळलेली. आत मंगलाष्टक संपत असणार, कारण त्यानं हात उचलला आणि मांडवाच्या दिशेनं अक्षता टाकल्या. टँकरपलीकडंसुद्धा गेल्या नाहीत त्या. चित्र संपलं, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मूठ, पुन्हा अक्षता.

सारिका खाली बसली, स्टुलावर नाही, फरशीवरच. पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, “आबांनी काखेत काय धरलंय?”

“चपला,” भाऊ म्हणाले. “अक्षदा टाकायच्या तर पायात चपला कशा ठिवील त्यो? रस्त्यावर उभा व्हता, तरी काढल्या.”

तिनं तोंडावर पदर घेतला. मग उठली. “काका, गाडी काढा.”

भाऊंच्या खटाऱ्या स्कूटरवरून दोघं ट्रेलरांच्या रांगेत शिरले. मी दुकानात एकटी, आणि पडद्यावर आबा लेकीवर अक्षता टाकतायत, टाकतायतच. मला बंद करवेना. मी तिथं बसून रडले, चांगली मोठ्यानं रडले. ह्या माणसाला मी डिस्कवर जागा होत नाही म्हणून पुसलं होतं.

आबा त्या रविवारी गेले. पण भाऊंचा फोन आला तो सारिकाला घेऊन गेले त्याच दुपारी, अर्ध्या-पाऊण तासानं. भाऊ रस्त्यावरून बोलत होते, मागं ट्रकांचा आवाज.

“सोडली तिला. आत गेली.”

“आणि तुम्ही?”

“मी भाईर हाय. टँकरमागं त्यो उभा व्हता, तसा.” हसायला गेले, पण जमलं नाही. “कसा जाऊ? शब्द मोडलाय न्हवं त्याचा.”

मी काही बोलणार तेवढ्यात पलीकडून सारिकाचा आवाज आला, रडून बसलेला. “काका, आबा बोलावतायत. म्हणाले, त्या हरामखोराला आत पाठव. दाखवू नको म्हणलो होतो त्याला.”

स्कूटर स्टँडला लावल्याचा आवाज आला.

“ऐकलंस का, वर्षाताई?” भाऊ म्हणाले. “शिवी देतोय. म्हंजे पोचलो येळेत.”